वेचणीचा कोट

"हे कंपनीवाले सुईचं नाक दरसाल बारीक करून राह्यले," पडद्यामागून मारोतराव मास्तर पुटपुटले. "लोखंड वाचवून राह्यले साले."

पडद्याच्या अलीकडे मशीनवर बसलेल्या कौसल्याने पाय थांबवला. नाक बारीक केलं तर लोखंड जास्तच लागेल, वाचणार कुठून, हे तिच्या जिभेवर आलं होतं, पण तिने ते गिळलं. हात तेवढा पडद्याखालून पुढे केला. तळहातावर सुई आली, दोरा आला. तिने ओवून हात परत आत दिला, आणि मशीन पुन्हा सुरू झाली. या देवाणघेवाणीवर दोघांपैकी कोणी कधी एक अक्षर काढलं नव्हतं.

नेरच्या बसस्टँडसमोरच्या गल्लीत 'मारोतराव लेडीज टेलर्स' हे दुकान एकतीस वर्षांपासून आहे, आणि कौसल्या तिथे चौदा वर्षांपासून. या धंद्याची एक रीत असते. कातर मास्तरची, मशीन कारागिराची. कारागिराने शिवावं, काज करावं, हुक लावावे. पण कापडाला कातर लावायची ती मास्तरनेच. मास्तरची कातर उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातली भाकर मोडण्यासारखं. कौसल्याने पहिली बारा वर्षं त्या कातरीला बोट लावलं नव्हतं.

मग दोन वर्षांपूर्वी मास्तरांनी एका नवरीच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. दुसऱ्या दिवशी दुकानात पडदा लागला. "गिऱ्हाइकाची नजर लागते कटिंगले," असं मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं. आणि पडद्याआड कौसल्याच्या हातात कातर देत म्हणाले, "तू काप. मले पाहाचं हाय, तुले कितीक येते ते."

ती परीक्षा दोन वर्षं चालूच होती. निकाल काही लागला नव्हता.

मास्तर माप घ्यायचे ते टेपवर अंगठा ठेवून. "लिही, चौतीस," म्हणायचे, आणि कौसल्या शेजारून टेपकडे बघून छत्तीस लिहायची. कोणी मोबाइलवर गळ्याचं डिझाइन दाखवलं की ते मान डोलावून म्हणायचे, "हे त सोप्पं हाय. कौसल्या, पाय बरं, तुले समजते का." मग कौसल्या समजून घ्यायची. ती आत कापायला बसली की मास्तर कापडाचं टोक धरून बाहेर ऐकू जाईल असं ओरडायचे, "कटिंगमधी हावो, थांबा जरा!" खोटं कसं म्हणायचं? कटिंगमध्ये ते होतेच की.

कळायचं ते जवळच्यांना कळलं होतं. मास्तरांच्या बायकोला, बेबीताईंना, तर सगळ्यात आधी. मागच्या दिवाळीत मास्तरांनी बेबीताईंच्या बहिणीलाच बेबीताई समजून भाजीत मीठ कमी पडल्याबद्दल झापलं होतं. बहिणीने जे उत्तर दिलं ते बेबीताईंना एकतीस वर्षांत सुचलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते पाठ करून ठेवलं. पण डोळ्यांचं कोणी बोलत नव्हतं. शिंप्याने डोळे गेले म्हटलं की त्याच दिवशी गाव दुसरा शिंपी धरतं. मास्तरांच्या बापाचं तसंच झालं होतं, आणि ते नेरमध्ये जुन्या माणसांना अजून आठवत होतं.

अशा या दुकानात भांडण निघालं ते एका कोटावरून.

कौसल्याची आई मारेगावकडची. जन्म दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचण्यात गेला. वेचणाऱ्या बाया कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधतात आणि वेचलेला कापूस तिच्यात टाकत जातात. ओटी भरली की सगळा भार कमरेवर. वरून बोंडाची वाळकी टोकं हात ओरबाडतात. म्हातारी आता काटकोनात चालायची. या उन्हाळ्यात ती लेकीकडे राहायला आली, आणि चार दिवस तिची ती चाल बघून कौसल्याला राहवेना. एका दुपारी लाइन गेली, मशीन बंद पडली, तेव्हा तिने दुकानातल्या जुन्या पेपरवर एक खाका कापला. मग दोन महिने दर रविवारी घरच्या मशीनवर जोडत आणि उसवत राहिली. शेवटी कोट झाला. लांब बाह्यांचा, पुढे पोटावर दोन मोठाल्या पिशव्या, आणि पिशव्यांचे पट्टे पाठीवर फुली मारून खांद्यावर घेतलेले, म्हणजे भार खांद्यावर. पिशवीच्या बुडाला नाडी. ओढली की कापूस आपोआप खाली.

म्हातारीने तो अंगात घालून पाहिला, आरशासमोर वळली आणि म्हणाली, "हे तीस वर्सं आधी शिवाले काय झालतं तुले?"

"तीस वर्सं आधी मी आठ वर्साची होती, माय."

"मंग काय झालं? रिकामीच त फिरे."

कोटाचा फोटो फिरत फिरत दीपाकडे गेला. दीपा ही तालुक्यातल्या बचत गटांचं काम बघणारी. स्कूटीवर बसूनच तिचे निम्मे निर्णय व्हायचे. ती दुकानात आली, कोट घालून बसस्टँडपर्यंत फेरी मारून आली, आणि दोनशे कोटांची ऑर्डर बोलली. दुसऱ्या वेचणीच्या आधी हवे. "अन् लेबल लावू त्याले," ती म्हणाली. "'कौसल्याचा वेचणी कोट'. कसं वाटते?"

कौसल्याचं नाव आजवर एकदाच छापून आलं होतं, मतदारयादीत, आणि त्याच्या शेजारी फोटो दुसऱ्याच बाईचा होता.

मास्तरांनी तेव्हा मान डोलावली होती. चांगलं झालं म्हणाले होते. समोसेही मागवले होते. बिघडलं ते दसऱ्याला, विक्की आल्यावर.

विक्की हा मास्तरांच्या बहिणीचा मुलगा, चौतीस वर्षांचा, पुण्यात एका कंपनीत माणसं ठेवण्याच्या आणि काढण्याच्या खात्यात. दुकानात खिळ्याला टांगलेला कोट त्याने पाहिला.

"मामा, हा कोट कोणाचा?"

"कौसल्यानं शिवला."

"कौसल्या कोणाची?"

"कोणाची म्हंजे? संघदीपची."

"तसं नाही हो. कामाला कोणाकडे?"

"माह्याकडे."

"मग कोट तुमचा," विक्की म्हणाला. "आमच्याकडे तर पहिल्या दिवशीच सही घेतात. नोकरीत असताना माणसाला जे काही सुचेल ते कंपनीचं."

चहा घेऊन आलेल्या बेबीताई दारातच थांबल्या. "झोपेत सुचलं त?"

"तरी कंपनीचं, मामी."

"संडासात?"

"मामी!"

"मी आपलं इचारून राह्यली. कौसल्याले कुठी सुचलं, आपल्याले काय मालूम."

मास्तर हसले नाहीत. ते कोटाच्या शिवणीवरून बोटं फिरवत बसले होते. कौसल्याने ते मशीनवरून पाहिलं. दोनशे कोट घरच्या मशीनवर शिवायचे म्हणजे निदान महिनाभर ती दुकानात नसणार. आणि मग कोण जाणे, पुढे चारशे. ती नसली की पडद्याआड कोण असणार? हा हिशेब मास्तरांनी त्या शिवणीवरच केला असावा, कारण दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच त्यांनी सुरुवात केली.

"कौसल्या, त्या कोटाची कातर कोणाची?"

"तुमची."

"खडू?"

"तुमचा."

"कागद?"

"जुना पेपर होता, बेबीताईनं देल्ला."

"म्हंजे माहाच. अन् चिंध्या?"

"दुकानातल्या. तुम्हीच म्हणे, घेऊन जाय, झाडाले सोप्पं पडते."

"कापाले कोणं शिकवलं?"

"तुम्ही."

"मंग?"

"अन् पाठ?" कौसल्या म्हणाली.

"कोणाची पाठ?"

"माह्या मायची. ते वाकडी झाली म्हणून त कोट सुचला. ते बी दुकानातलीच हाय का मास्तर?"

"पाठीचं मंग पाहू," असं म्हणून मास्तर पडद्याआड गेले. आत गेल्यावर त्यांना आठवलं असावं की कापायचं काम तिच्याशिवाय होणार नाही. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "ये, परीक्षा दे."

ती गेली. भांडण झालं म्हणून पाटणीबाईंचा ब्लाउज थोडाच थांबणार होता? मास्तरांनी कापडाचं टोक धरलं, तिने कातर चालवली. दोघंही एकमेकांवर रुसून एकाच कापडावर वाकलेले.

दोन दिवसांनी मास्तरांनी विक्कीला समोर बसवून कागद सांगितला. मोठ्याने, शब्द न् शब्द, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. विक्कीने तो तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याकडून स्टॅम्प पेपरवर करून आणला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून मामाच्या हातात दिला आणि न बसताच पुण्याची ट्रॅव्हल्स धरली. पिशवी उघडून बघायची गरज ना त्याला वाटली ना मास्तरांना.

दीपाचंही टुमणं होतं. सोमवारी यादी यवतमाळला जायची होती. "हे पाहा कौसल्याताई," ती म्हणाली, "वादाचा माल आम्ही घेत नाही. मले काहीच अडचण नाही, लेबलवर तुमचं नाव टाका, मास्तरचं टाका, माह्या सासूचं टाका. पण दोघायचं एकमत पायजे. नाही त अमरावतीहून तयार जाकिटं आणाले सांगतलंच हाय मले."

म्हणून शनिवारी सगळे दुकानात जमले. दीपा आली, तिच्यासोबत वेचणाऱ्या बायांच्या वतीने मोतीबाई आल्या. मोतीबाईंची साठी उलटलेली, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण बैठकीत पुढची खुर्ची कधी सोडायच्या नाहीत. बेबीताई चहाचा ट्रे घेऊन मास्तरांच्या खुर्चीमागे उभ्या. कौसल्या आपल्या मशीनवर.

रात्री तिचा नवरा संघदीप तिला म्हणाला होता, "सही करून टाक. नाव गेलं त गेलं, काम त भेटन." आणि म्हातारी म्हणाली होती, "सही केली त हा कोट मी चुलीत घालीन." दोघांचंही तिला पटलं होतं, ही अडचण होती.

मास्तरांनी घसा साफ केला. पिशवीतून स्टॅम्प पेपर काढला, हातभर अंतरावर धरला आणि वाचायला सुरुवात केली.

"लिहून देणार, कौसल्या संघदीप भगत, वय अडतीस, धंदा शिवणकाम, राहणार नेर. लिहून घेणार, मारोतराव, धंदा टेलर मास्तर. कारणे करारनामा लिहून देते की, मी सदर दुकानात कामास असताना वेचणीचा कोट म्हणून जे वस्त्र तयार केले, त्याचा खाका, त्याची कटिंग..."

आवाज ठणठणीत, कुठे अडखळणं नाही. पण दीपाची मान हळूहळू तिरकी झाली. ती मास्तरांच्या बाजूलाच बसली होती. तिने कागदाकडे पाहिलं, मग मास्तरांच्या तोंडाकडे, मग पुन्हा कागदाकडे. मग तिने कौसल्याकडे पाहिलं.

कौसल्या उठली आणि पाणी द्यायच्या निमित्ताने मास्तरांच्या मागून गेली. कागदावर लिहिलं होतं: लिहून देणार रोशन अमुक तमुक, जुनी लाल ट्रॉली, चार टायर, पैकी एक नवीन, मागची फळी तुटलेली, आहे त्या स्थितीत विकत देत आहे.

टायपिंगवाल्याने पिशव्यांची अदलाबदल केली होती. बिचारा रोशन कुठेतरी वेचणीच्या कोटावर सही करत असणार.

"...हे सर्व लिहून घेणार यांचे मालकीचे राहील," मास्तर तुटक्या फळीवर बोट ठेवून वाचत होते, "व त्यावर लिहून देणार हिचा अथवा तिच्या वारसांचा कोणताही हक्क राहणार नाही."

मास्तरांच्या खांद्यावरून कागदात डोकावून बेबीताई घाईघाईने एकेकाला कप द्यायला लागल्या. त्यांनी चौथीपर्यंतच्या शाळेत ट्रॉली हा शब्द वाचला नसेल, पण ट्रॅक्टरवर खूप वेळा वाचला होता.

फक्त मोतीबाई खूश होत्या. "वा! काय लिवलं हाय!" त्या म्हणाल्या. "एक बी शब्द फालतू नाही."

कोणी हसलं नाही. कौसल्याला कळत होतं, आता एक वाक्य पुरे. मास्तर, हा कागद ट्रॉलीचा हाय. एवढंच. मग दीपा सोमवारच्या यादीत तिचं नाव लिहील, लेबल छापून येईल, म्हातारी कोट चुलीत घालणार नाही. आणि मोतीबाई संध्याकाळच्या आत हे सात गावांत पोचवतील. एकतीस वर्षांचं दुकान चहाच्या एका कपात बुडेल.

ती पाण्याचा गिलास हातात धरून उभी राहिली. बारा वर्षं कातरीला हात लावू दिला नाही म्हणून ती या माणसाला मनात किती शिव्या घालत आली होती. पण तिची पहिली लेक झाली तेव्हा सव्वा महिना तिची मशीन त्याने कोणाला दिली नव्हती, कापड टाकून झाकून ठेवली होती. हेही नेमकं आत्ताच आठवायला हवं होतं का? आठवलं मात्र.

"कुठी करू सही?" तिने विचारलं.

दीपाने कपाळाला हात लावला.

मास्तर मात्र गोंधळले. एवढ्या लवकर ती तयार होईल असं त्यांनी धरलं नसावं. त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. "अशी न वाचता नको करू. उद्या म्हणशीन, मास्तरनं फसवलं. वाच आधी. मोठ्यानं वाच."

कौसल्याने कागद घेतला. लाल ट्रॉलीकडे एकदा नीट पाहिलं. आणि वाचायला लागली.

"लिहून देणार, कौसल्या संघदीप भगत, वय अडतीस..."

गेल्या आठवड्यात सगळ्या गल्लीने ऐकलं होतं, तसं तिनेही ऐकलं होतं. खाका, कटिंग, मालकी, वारस, तिने एकही सोडलं नाही. मास्तर मान डोलावत होते, जसे गिऱ्हाइकाच्या मोबाइलसमोर डोलावायचे तसे. वारसांपर्यंत आल्यावर ती थांबली नाही.

"तसेच," ती वाचत राहिली, "कोटाचे काम पुरे झाल्यावर सदर कौसल्या याच दुकानात, याच मशीनवर परत येईल. दरम्यान दर सकाळी तासभर येऊन ती परीक्षा देईल. तिले कोणी हाकललं तरी ती जाणार नाही, हे लिहून घेणार यांनी ध्यानात ठेवावे."

मास्तरांची मान डोलायची थांबली.

"हे मी विक्कीले सांगतलं नव्हतं."

"टायपिंगवाल्यानं टाकलं असन."

"टायपिंगवाला एवढा शायना कवापासून झाला?"

"आजकाल शिकलेले असते, मास्तर."

"'हाकललं' असं लिवते का कोणी स्टॅम्पवर?"

"आता लिवलं हाय त मी काय करू? चौथी ओळ पाहा खालून."

मास्तरांनी हात पुढे केला. कौसल्याला तो कागद द्यायचा नव्हता, पण न देऊन कसं चालेल? तिने दिला. मास्तरांनी तो हातभर लांब धरला, मग नाकाजवळ आणला. मग उठून दाराशी उजेडात गेले. दोन्ही हातांनी कागद ताणला, जसा कापडाचा आडवा-उभा धागा बघताना ताणायचे. बसस्टँडवरून यवतमाळ-यवतमाळ असा कंडक्टरचा पुकारा आला. दुकानात सगळे आपापल्या कपात बघत होते. मोतीबाईंनाही आता काहीतरी कळलं असावं, कारण त्यांनी खुर्चीत मागे सरकून पदर तोंडाशी धरला.

"खालून चौथी?" मास्तरांनी विचारलं.

"हाव."

"काय लिवलं हाय खरोखर, कौसल्या?"

बेबीताई म्हणाल्या, "अवो, चहा थंडा होऊन राह्यला."

मास्तरांनी कागदाची घडी घातली, अगदी सरळ, काठाला काठ जुळवून, बोटांनी चाचपत. मग ते दीपाकडे वळले. निदान ज्या खुर्चीत ती बसली असेल असं त्यांना वाटलं तिकडे.

"लिवून घे, दीपा. कोट इचा हाय. लेबल इच्या नावाचं छाप. अन् दोन वर्सं झाले, ह्या दुकानातून गेलेली एक बी कटिंग माही नाही, ते बी इचीच हाय," ते म्हणाले. "मले दिसत नाही."